कसूरची मेथी

कसुरी मेथीचं पाकीट आता आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकीच्या फडताळात असतं. भाजी उतरवताना चिमूटभर मेथी तळहातावर चुरडून टाकली की भाजी 'हॉटेलसारखी' होते, हे आपल्या लेकीसुनांनाही ठाऊक आहे. पण कसूर हे एका गावाचं नाव आहे. लाहोरच्या दक्षिणेला, सरहद्दीला अगदी लागून हे गाव आहे. सूफी कवी बुल्ले शाह यांची समाधी तिथलीच. १९४७ मध्ये कसूर पाकिस्तानात गेलं. आज आपल्या पाकिटातली मेथी बहुतेक राजस्थानातल्या नागौर भागात पिकते नि वाळते, नाव मात्र कसूरचंच राहिलं. गाव तिकडं गेलं आणि नाव इकडं राहिलं. आपल्या घरातल्या 'पंजाबी भाजी'ची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

पंजाबी भाजी म्हणजे काय, असं आपल्यातल्या दहाजणींना विचारलं तर उत्तर एकच येईल. लालसर दाट रस्सा, त्यात पनीर किंवा मटार किंवा कोफ्ते, वरून साय, आणि चवीला कांदा-टोमॅटो-काजू-गरम मसाला. हॉटेलच्या मेनूकार्डावर 'पंजाबी' या मथळ्याखाली काय काय येतं ते एकदा नीट वाचावं. नवरत्न कुर्मा येतो, तो मोगलाई. दम आलू काश्मीरचा. कोफ्ता हा शब्दच फारसी, तसाच पनीर हाही. आणि यांच्याच रांगेत व्हेज कोल्हापुरी! आम्ही कोल्हापुरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसं; सोयरीकही तिकडचीच. कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या घरात 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा पदार्थ कधी शिजलेला आम्ही पाहिला नाही. हॉटेलवाल्यानं पंजाबी रश्शात तिखट वाढवलं आणि त्याला कोल्हापूरचं नाव दिलं, एवढंच.

मग खुद्द पंजाबातल्या घरांत काय शिजत होतं?

फाळणीपूर्वीच्या पंजाबातलं घर डोळ्यांपुढे आणायचं तर आधी चूल आणावी लागते. घरातल्या चुलीखेरीज अंगणात किंवा एका कोपऱ्यात 'हारा' असे. मातीचा खोल, रुंद तोंडाचा चुल्हा, त्यात शेणाच्या गोवऱ्या धुमसत ठेवायच्या. जाळ नाही, फक्त ऊब. सकाळी त्यावर दुधाचं मडकं चढवलं की संध्याकाळपर्यंत दूध आटून गुलाबीसर व्हायचं आणि त्यावर बोटभर साय धरायची. रात्री त्याच्यावरच अख्ख्या उडदाची, म्हणजे 'माँह'ची डाळ ठेवायची. ही डाळ घाईनं शिजतच नाही. बाई झोपलेली असताना डाळ शिजत राही. आजच्या 'दाल मखनी'चं मूळ रूप हेच, फक्त तिच्यात ना टोमॅटो होता ना क्रीम. दाटपणा तिचा स्वतःचा, तासन् तास घोटण्यातून आलेला.

तंदूर घरात नसे, तो मोहल्ल्याचा. संध्याकाळी बायका घरून कणीक मळून आणत, डोक्यावर परात, कडेवर मूल. एकेकीच्या रोट्या क्रमानं लागत. ज्या ठिकाणी तंदूर चालवणारी बाई वेगळी असे तिथं तिला मोबदला म्हणून थोडी कणीक द्यायची रीत होती. 'साँझा चुल्हा' म्हणतात तो हाच. आपल्याकडं विहिरीच्या काठाला जे स्थान होतं ते तिकडं तंदूराला होतं. घरची सुखदुःखं, लग्नाच्या बोलण्या, सासवांच्या तक्रारी, सगळं त्या धगीभोवती.

आणि भाजी? हिवाळ्यात सरसोंचा साग. मोहरीच्या पाल्यात थोडा बथुआ म्हणजे आपली चाकवत, थोडा पालक, हे सगळं मडक्यात तास-दोन तास शिजवायचं, लाकडी घोटण्यानं घोटायचं, आणि मक्याचं पीठ लावून एकजीव करायचं. या पीठ लावण्याला तिकडं 'आलण' म्हणतात. आपण पालेभाजीला डाळीचं पीठ लावतो तसंच की हे! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आपलं वाटलं. उरलेल्या वर्षभर घिया म्हणजे दुधी, तोरी म्हणजे दोडकं-घोसाळं, टिंडे म्हणजे आपली ढेमसं, कारली, भेंडी. उन्हाळ्यात करून ठेवलेल्या उडदाच्या मसालेदार वड्या, त्यात अमृतसरच्या मिरीदार वड्यांचं नाव मोठं. काळे चणे, कढी. आंबटपणाला दही, अमचूर किंवा वाळवलेले डाळिंबाचे दाणे. हे 'अनारदाणे' तर पंजाबी स्वयंपाकाची खूणच.

टोमॅटोचं राज्य पुढचं. हे फळ अमेरिकेतून युरोपात आणि तिथून आपल्याकडं आलेलं. आपल्याकडं जुन्या बायका त्याला वेलवांगी म्हणत, विदर्भात भेदरे म्हणत. मकाही अमेरिकेचा, राजमाही, बटाटाही, मिरचीही. म्हणजे 'अस्सल पंजाबी' म्हणून ज्याची मिरवणूक निघते त्यातला अर्धा माल समुद्रापलीकडचा.

आता मेनूकार्ड पुन्हा पाहावं. घिया कुठं आहे? तोरी, टिंडे, कारली, वड्या? पंजाबी बाई वर्षाचे दोन-तृतीयांश दिवस जे रांधत होती ते त्या कार्डावर जवळपास नाहीच. ते का नाही, याचं उत्तर १९४७ मध्ये आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर १९४७ मध्ये पश्चिम पंजाबातून जे लोंढे निघाले त्यातले सुमारे पाच लाख लोक एकट्या दिल्लीत आले. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. कुरुक्षेत्राच्या छावणीत तर तीन लाखांवर माणसं तंबूंत राहत होती. जमीन गेली, दुकान गेलं, घर गेलं. काहींनी टांगे हाकले, काहींनी रस्त्यावर कापड विकलं. सियालकोटला 'महाशियां दी हट्टी' नावाचं मसाल्याचं दुकान होतं, १९१९ मध्ये सुरू झालेलं. त्या घरातले धर्मपाल गुलाटी दिल्लीत आले, आधी टांगा चालवला, मग १९४८ मध्ये करोल बागेत मसाल्याचं दुकान मांडलं. त्या दुकानाच्या नावाची तीन आद्याक्षरं आज आपल्या मसाल्याच्या खोक्यांवर असतात. शेखूपुऱ्याला १९१६ मध्ये सुरू झालेला केसर दा ढाबा अमृतसरला आला. तो शुद्ध शाकाहारी, आणि त्याची डाळ आजही रात्रभर मंद आचेवर शिजते.

सगळ्यांत जास्त बोलबाला झाला तो दिल्लीच्या दर्यागंजमधल्या 'मोती महल'चा. पेशावरमध्ये याच नावाच्या हॉटेलात काम केलेले कुंदनलाल गुजराल आणि त्यांचे भागीदार यांनी ते १९४७ मध्ये सुरू केलं. मोहल्ल्याचा तंदूर त्यांनी हॉटेलात आणला. लोणी, टोमॅटो आणि साय यांचा जो लालसर गोडूस रस्सा आज 'मखनी' म्हणून ओळखला जातो, तो तिथून देशभर गेला. आधी मांसाहारी पदार्थासाठी, आणि त्याच धर्तीवर उडदाच्या डाळीसाठी. हा शोध नेमका कोणाचा, यावरून २०२४ मध्ये दोन हॉटेलवाल्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. बातमी वाचली तेव्हा मला हसूच आलं. रात्रभर हाऱ्यावर डाळ घोटणाऱ्या कितीतरी बायका, त्यांची बाजू मांडायला कोणता वकील उभा राहणार?

पण हॉटेलवाल्यांना नावं ठेवण्यातही अर्थ नाही. निर्वासित माणसानं पोट भरायला जे केलं त्याला दाद द्यायलाच हवी. फक्त त्यातला व्यवहार समजून घ्यावा. विकायचं तर पदार्थ असा हवा की जो गिऱ्हाईक घरी करत नाही. घिया-तोरीला पैसे कोण देणार? मग लोणी, साय, पनीर, काजू. म्हणजे सणासुदीला किंवा पाहुणा आल्यावर जे निघायचं ते रोजच्या कार्डावर आलं. दुसरं म्हणजे वेग. हॉटेलात सकाळीच दोन-तीन रस्से तयार करून ठेवतात: एक टोमॅटोचा लाल, एक काजू-मगजाचा पांढरा, एक कांद्याचा तपकिरी. ऑर्डर आली की पळीभर हा, पळीभर तो, वर पनीर किंवा मटार, आणि पाच मिनिटांत टेबलावर. वीस नावं आणि मूळ रस्से तीन. शिजवणारे सगळे पुरुष. घरातून हॉटेलात जाताना या अन्नाच्या अंगावरून हंगाम गेला, हारा गेला आणि बाईचा हात गेला.

तिथून आपल्यापर्यंतचा प्रवास दोन वाटांनी झाला. एक ट्रकची वाट. पंजाबी चालक देशभर गेले, त्यांच्यासाठी हमरस्त्यांवर ढाबे आले. आमच्याकडं पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणीपासून बेळगावपर्यंत असे ढाबे माझ्या लहानपणीच दिसू लागले होते. तिथं बाईमाणसानं जायचं नाही असा दंडक होता, त्यामुळं आमच्या वडीलधाऱ्या पुरुषांनी घरी येऊन केलेली वर्णनंच आम्ही ऐकली. दुसरी वाट मुंबईची. तिथं शीव-कोळीवाड्याच्या छावणीत पंजाबी निर्वासित वसले होते. पण आपल्या शाकाहारी घरांपर्यंत पंजाबी भाजी पोचवली ती उडप्यांनी. इडली-डोशाच्या हॉटेलांनी संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी पंजाबी आणि चायनीजची पानं जोडली. म्हणजे पेशावर-दिल्लीचा रस्सा आपल्याला कानडी मुलखातल्या माणसानं वाढला! आमच्या बेळगावकडं तर यात कुणाला काही नवल वाटायचं कारणच नाही.

घरात ती शिरायला मात्र काही साधनं लागली. १९७० मध्ये दुग्धपूर योजना सुरू झाली, दूध शहरागावांत मुबलक झालं, मग पिशवीतलं दूध आणि पुढं पनीरचं पाकीट. मिक्सर आल्याशिवाय काजूची मऊ पेस्ट कोण वाटणार होतं? पाट्यावर चटणी ठीक. गॅस आला, फ्रिज आला. 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि लग्नात मुलीला द्यायचं पुस्तक झालं. १९७४ मध्ये तरला दलालांचं शाकाहारी पाककृतींचं पहिलं इंग्रजी पुस्तक आलं. महिला मंडळांतून 'पंजाबी भाज्यांचे वर्ग' निघाले. दोन दिवसांचा वर्ग, वही-पेन घेऊन बसायचं, शेवटी चमचा-चमचा चव. आमटी-भाकरीच्या घरात रविवारी संध्याकाळी पनीर आलं ते असं. घरातली मुलं खूश, आणि करणारीलाही आपण काही नवं शिकलो याचा आनंद. तो आनंद खरा होता, त्याला कुणी हसू नये.

आता आपल्या जैन घरांकडं येते, कारण मला मुख्य बोलायचंय ते इथं.

पंजाबी भाजी घरात आली आणि तिच्याबरोबर कांदा-लसूण अशा थाटात आला की त्याच्याशिवाय ती होतच नाही. आमच्या बेळगाव-चिकोडी भागातले जैन बहुतेक शेतकरी. रोजच्या जेवणात कांदा खाणारी घरं पुष्कळ आहेत, बेळगाव तालुक्यात बटाटा पिकवणारीही आहेत, उगीच कशाला लपवा. पण अष्टमी-चतुर्दशीला, दशलक्षण पर्वात, चातुर्मासात पाळणारी घरंही तितकीच. आणि मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका लागला की मग प्रश्नच नाही: पीठसुद्धा पावसाळ्यात तीन दिवसांच्या मर्यादेतलं, पाणी गाळलेलं, कंदमूळ वर्ज्य. अशा घरांसाठी हॉटेलांनी 'जैन पंजाबी' काढली. कार्डावर कोपऱ्यात, कंसात 'जैन'. म्हणजे मूळ पदार्थ तो, आणि आपला त्यातून काहीतरी वजा केलेला. आपल्यातल्या पाळणाऱ्या बायकाही अपराध्यासारखं म्हणतात, "आमचं जैन आहे हो, खरं पंजाबी नाही."

हे 'खरं पंजाबी नाही' मला पटत नाही. पंजाब हा मांस आणि कांद्याचा मुलूख, ही समजूत आपली हॉटेलांवरून झालेली आहे. २०१४ च्या सरकारी नमुना पाहणीत पंजाबात १५ वर्षांवरच्या माणसांपैकी सुमारे ६७ टक्के शाकाहारी निघाले. महाराष्ट्रात हा आकडा ४० टक्के आहे! मांस खावं की नाही, यावरून तिथल्या आर्यसमाजात १८९३ च्या सुमारास सरळ फूट पडली. लोकांनी दोन गटांना नावं दिली, 'घास पार्टी' आणि 'मास पार्टी'. एकीकडं लाहोरच्या डी.ए.व्ही. कॉलेजची मंडळी, दुसरीकडं पुढं स्वामी श्रद्धानंद झालेले मुन्शीराम आणि त्यांचे सोबती. जिथं ताटावरून एवढी मोठी संस्था दुभंगते तिथं शाकाहार हा काही परका विचार नव्हता. आजही नवरात्रात अष्टमी-नवमीला पंजाबी हिंदू घरांत 'कंजक' असते. कुमारिकांचे पाय धुऊन त्यांना शिरा, पुरी आणि सुके काळे चणे वाढतात. त्या चण्यांत कांदा नाही, लसूण नाही. जिरं, धणे, अमचूर एवढ्यावर ते चणे होतात, आणि त्यांना कुणी 'अर्धवट पंजाबी' म्हणत नाही.

आणि खुद्द जैन? पंजाबात जैनांची वस्ती शतकानुशतकं होती. त्यांना तिकडं 'भाबडा' म्हणत. रावळपिंडीत भाबडा बाजार आजही त्याच नावानं आहे. सियालकोट, लाहोर, गुजरांवाला, सगळीकडं त्यांची दुकानं, मंदिरं, स्थानकं. विजयानंदसूरी, ज्यांना आत्मारामजी म्हणून सगळे ओळखतात, ते पंजाबचेच, १८३७ मध्ये फिरोजपूर जिल्ह्यातल्या लहरा गावी जन्मलेले. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचं आमंत्रण त्यांना होतं. साधू समुद्र ओलांडत नाहीत म्हणून त्यांनी वीरचंद गांधींना पाठवलं. १८९६ मध्ये गुजरांवाल्यातच त्यांचं निधन झालं, समाधीही तिथंच. त्यांच्या परंपरेतले विजयवल्लभसूरी मूळचे बडोद्याचे, पण त्यांचं काम पंजाबात एवढं की लोक त्यांना 'पंजाबकेसरी' म्हणू लागले.

१९४७ मध्ये विजयवल्लभसूरींचा चातुर्मास गुजरांवाल्यात होता. चातुर्मासात साधूंनी विहार करायचा नाही, हा नियम. बाहेर आगी लागलेल्या. त्यांना विमानानं काढून नेण्याची तयारी झाली होती असं सांगतात, पण इथले सगळे श्रावक सुखरूप निघाल्याशिवाय मी हलणार नाही, ही त्यांची भूमिका होती. अखेर सप्टेंबरमध्ये साधू-साध्वी आणि श्रावकांचा समुदाय सरहद्द ओलांडून अमृतसरला पोचला. पुढं १९५४ मध्ये महाराजांचं मुंबईत निधन झालं. आम्ही दिगंबर, ते श्वेतांबर. पण ही हकिगत वाचताना ते अंतर मनात येत नाही.

मी विचार करते तो त्या समुदायातल्या बायकांचा. त्या पंजाबी बोलत होत्या, सलवार-कमीज घालत होत्या आणि जैन होत्या. त्यांच्या घरात वर्षानुवर्षं पंजाबीच स्वयंपाक होत होता आणि पाळणाऱ्यांच्या चुलीवर कांदा चढत नव्हता. 'जैन पंजाबी' हा हॉटेलवाल्यानं काढलेला पर्याय नसून एका जित्याजागत्या समाजाचं रोजचं जेवण होतं. तो समाज अमृतसर, लुधियाना, अंबाला, दिल्ली असा विखुरला. त्यातल्या पुरुषांनी पुन्हा व्यापार उभे केले. पण त्यांच्या बायकांच्या हातचं जेवण कुठल्या मेनूकार्डावर आलं नाही, कारण ते विकायला ठेवलंच नव्हतं. आणि मग पन्नास वर्षांनी आपल्यासारख्यांनी हॉटेलातल्या रश्शातून कांदा काढून त्याला जैन म्हणायचं!

त्यातून जे होतं तेही फारसं चांगलं नसतं. कांदा रश्श्याला तीन गोष्टी देतो: अंग, गोडवा आणि परतल्याचा खमंगपणा. तो काढला की हॉटेलवाला ती पोकळी कोबी, साय आणि साखरेनं भरतो. म्हणून जैन पंजाबी भाजी बऱ्याचदा गोडमिट्ट आणि जड लागते. घरी करणाऱ्या बायका जास्त हुशार. कुणी लाल भोपळा वाफवून वाटतं, कुणी दुधी किसून तेल सुटेपर्यंत परतते, कुणी मगज आणि खसखस. बटाट्याऐवजी कच्ची केळी तर आपल्या घरांत कधीपासूनच. ओलं आलं नको तर सुंठ. हळदीसारखीच ती वाळलेली म्हणून चालते. सुंठ आणि हिंग यांची जोडी लसणाची आठवणही येऊ देत नाही. काश्मिरी पंडितांचा सगळा स्वयंपाक हिंग, सुंठ आणि बडीशेप यांवर उभा आहे, त्यांना कुणी काही कमी आहे असं म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र कांद्याच्या गडबडीत आपण विसरतो, ती द्विदलाची. डाळी-कडधान्यं म्हणजे ज्यांची दोन दलं होतात ती धान्यं कच्च्या दूध-दही-ताकात मिसळायची नाहीत. पनीर टिक्क्याला दह्यात बेसन कालवून लावतात, तिथं कांदा नसला तरी नियम मोडतो. भजी घातलेल्या पंजाबी कढीचंही तेच. दही आधी तापवून घेतलं तर चालतं असं श्वेतांबर परंपरेत मानतात. आमच्याकडच्या कडक चौक्यात तेही चालवत नाहीत. 'जैन' लिहिलेल्या डिशमध्ये कांदा नाही एवढंच हॉटेलवाला बघतो, बाकीचं बघायचं काम आपलं.

माझी तर सूचना अशी, की रश्श्याचा नाद थोडे दिवस सोडून द्यावा आणि मेनूकार्डावर न आलेला पंजाब घरात करून बघावा. दुधी, ढेमसं, दोडका, कारलं यांतलं काहीच आपल्याला वर्ज्य नाही. वांगं बहुबीज म्हणून, फ्लॉवर किड्यांच्या भीतीनं टाळणाऱ्या बायकांनाही इथं काही गाळावं लागत नाही. सरसोंचा साग मार्गशीर्ष-पौषात येतो. चातुर्मास कार्तिकात संपलेला असतो, म्हणजे पालेभाजीचा नियमही आड येत नाही. आमच्या भागात मोहरीचा पाला मिळायला थोडा त्रास पडतो, पण चाकवत आणि पालक यांत थोडा मुळ्याचा पाला घालून आलण लावलं तरी जवळपास जातं.

ढेमसं कोवळी घ्यावीत, नखानं साल निघेल अशी. पोटात चिरून बडीशेप, धणे, अनारदाणे, सुंठ यांची भरड भरावी आणि झाकण ठेवून, पाणी न घालता, मंद आचेवर लोण्यासारखी होऊ द्यावीत. अनारदाणे आता बेळगावच्या बाजारातही मिळतात. चण्यांसाठी काळे, बारके, गावठी चणेच घ्यावेत. रात्री भिजत घालून सकाळी मीठ घालून शिजवावेत. शिजवलेलं पाणी फेकू नये, ते कढईतच आटवायचं. तुपात जिरं आणि हिंग, मग धणेपूड, तिखट, किंचित सुंठ, आणि लगेच चणे, नाहीतर मसाला करपतो. पाणी पूर्ण आटून चण्यांवर मसाल्याचा काळपट थर बसेपर्यंत हलवत राहायचं, याला चांगली वीस मिनिटं लागतात. अमचूर गॅस बंद करताना. कसुरी मेथी यात घालत नाहीत.